बाहेरचं

मी परशराम. आमचं गाव अळणावरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. घरात मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळं दोन्ही भाषा येतात आणि दोन्हीत गप्प बसायला चांगलं जमतं. ह्या गप्प बसण्याला लोक साधेपणा म्हणत आले. परशराम साधा माणूस, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. साधा कसला, भित्रा. पण नोकरीत भित्र्याला फार मान असतो बघा, त्याच्यापुढं मोठ्या माणसांना लाज वाटत नाही.

धारवाडात एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मी अटेंडर. अठरा वर्षं टेंपररी. बेडूक, साप, मासे, कुजू नयेत म्हणून फॉर्मॅलिनच्या पाण्यात बुडवून बरण्यांत ठेवतात, त्या बरण्या पुसायच्या, कुलूप काढायचं, कुलूप लावायचं. ते फॉर्मॅलिन डोळ्यांत कांद्यासारखं झोंबतं, नरड्यात उतरलं की खरवडतं. भिंतीत वर वास ओढून घेणारा फॅन होता. त्या भिंतीच्या मागं आमच्या मोठ्या सरांची, म्हणजे विभागप्रमुखांची, नवी खोली झाली, फॅन लावला की वास सरांच्या खोलीत. मग सर म्हणाले, परशराम, त्या भोकातून पारवे आत येतात, बंद कर ते. अठरा वर्षांत एक पारवा मी पाहिलो नव्हतो. तरी हौद री, म्हणजे होय जी, म्हणून प्लायवूड आणलो आणि आठ खिळे मारून ठोकलो. सर खाली उभं राहून बघत होते, खिळा वाकडा गेला तर सांगत होते. माणूस किती शिकलेला, आणि शिकून शिकून काय शिकला तर दुसऱ्याच्या हातानं खिळा मारायला.

आता स्नेहलचं सांगतो. हुबळीच्या बाजारात वडिलांचं भांड्यांचं दुकान, मूळचे ते कोल्हापूरकडचे. पोरगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. धारवाडात सप्तापुरात तिघी मिळून एक खोली, सकाळी पाण्यासाठी भांडण, दुपारी मेसचा पातळ सांबार, संध्याकाळी कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमीट खाऊन पुन्हा पुस्तक. असलं सगळं मला येऊन सांगायची. अण्णा, आज भात कच्चा होता. अण्णा, रूममेट माझी वही घेऊन गावाला गेली. माझ्याशी मराठी बोलायला मिळतंय म्हणून खूश. आणि रविवार आला की दुर्बीण गळ्यात घालून अळणावरची बस, आमच्याच जंगलात, पाखरं मोजायला. सोमवारी येऊन विचारणार, अण्णा, ह्या झाडाला तुमच्यात काय म्हणतात? मी सांगायचो, हा ऐन, हा किंजळ, ह्या पाखराला आम्ही धनेश म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारून वहीत लिहून घेत होतं. मीठ खाल्लो मी त्या मानाचं, पुढं काय केलो ते ऐका.

कॉलेजची तपासणी करायला मंडळी येणार होती, म्हणून लॅबमधलं बरण्यांचं म्युझियम चकचकीत पाहिजे. दोनशे बरण्यांतलं जुनं फॉर्मॅलिन काढून नवं भरायचं. माझ्या एकट्याच्यानं होणार नाही, आणि दुसरा माणूस ठेवणार कोण? सरांनी त्या कामाला प्रोजेक्ट असं नाव दिलं आणि स्नेहलला दिलं. हमालीला इंग्रजी नाव दिलं की शिक्षण होतं. पोरगी रोज पाच पाच तास त्या बंद खोलीत वाकून बसायची, मी बरण्या उतरवून द्यायचो.

सोमवारी ती दोन दोन पायऱ्या टाकत वर यायची. बुधवारी डोळे लाल. शुक्रवारी जिन्यात मधेच बसायची, छातीवर हात ठेवून, आणि मला बघून हसायची, अण्णा, म्हातारी झाले हो. पुन्हा रविवारी जंगल, पुन्हा सोमवारी ताजीतवानी. सहा-सात आठवडे हे असंच. कॅलेंडर नसतं तरी तिचा श्वास ऐकून आज कुठला वार हे मी सांगितलो असतो. मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं सांगायला आज बसलेलो नाही.

तिनं कॉलेजला लेखी दिलं, खोलीत वारा नाही, दम लागतो, प्रोजेक्ट बदलून द्या. मग तिघांची कमिटी नेमली. कमिटी लॅबच्या दारापर्यंत आली, एकानं नाकाला रुमाल लावला, दुसरा म्हणाला इथं बसणं नको, आणि प्रिन्सिपॉलच्या खोलीत जाऊन बसली. जिथं अर्धा मिनिट उभं राहवेना तिथल्या हवेत काही नाही असं ठरवायला त्यांना चहा-उप्पीट धरून वीस मिनिटं लागली.

त्याआधी सरांनी मला गाठलं. परशराम, तुझी कायमची फाईल वर गेली आहे म्हणे. मी म्हटलो, हौद री. सर म्हणाले, ती पोरगी दर रविवारी जंगलात हिंडते, धूळ, पराग, काय काय नाकात जातं, तू तर तिथलाच, तुला माहीत आहे. एवढंच सांगायचं. बाकी त्यांनी काही म्हटलं नाही, म्हणायची गरज नव्हती.

मग कमिटीनं मला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, त्या मुलीला काय झालंय? धूळ, पराग, शिकवलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं, बाहेरचं आहे साहेब. आमच्या गावात रानात हिंडून पोर आजारी पडलं की म्हातारी माणसं म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि मीठ-मिरची ओवाळून टाकतात. भुताखेताचा शब्द. त्यांच्यातल्या मराठी समजणाऱ्या एकाला कळलं, तो गालात हसला. आणि त्यानंच ते इंग्रजीत लिहून घेतलं, आजाराचं कारण बाहेरचं, कॉलेजातलं नाही. दर रविवारी जाते ना, म्हणून विचारलं, मी हो म्हटलो. सोमवारी कशी असते ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलो नाही. ज्या जंगलानं त्या पोरीला दर आठवड्याला उभं केलं, ज्या जंगलात मी लहानाचा मोठा झालो, त्याच्यावरच आळ घेऊन बाहेर आलो आणि नळावर जाऊन दोन तांबे पाणी प्यालो.

दम लागून तिला त्या खोलीत बसवेना, तिचं प्रोजेक्ट अपुरं ठरलं. परीक्षेला बसता आलं नाही. तीन महिन्यांनी मी कायम झालो, पेढे वाटलो. त्या दिवशी ती सामान न्यायला आलेली. मी आत काय बोललो हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पेढा घेतला, म्हणाली, अण्णा, फार बरं झालं, तुमच्यासारख्याचं व्हायलाच पाहिजे होतं. मी डबा घेऊन पुढच्या माणसाकडं गेलो.

मग मला खोकला लागला. वर्षभर हळद-दूध, काढे. शेवटी बायकोनं हुबळीला देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरकडं नेलं. तरुण डॉक्टर, त्यानं पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? आणि दुसरा, सुट्टीत गावाला गेला की खोकला कमी होतो का? बायको म्हणाली, जत्रेला चार दिवस गेलो होतो, एकदा पण खोकले नाहीत. एवढा सोपा प्रश्न होता हो. त्या तीन विद्वानांच्या पोटात उप्पीट गेलं, हा प्रश्न काही डोक्यात आला नाही. आणि उत्तर माझ्या खिशात होतं.

तिथनं थेट बाजारात गेलो, दुकान शोधलो. स्नेहल गल्ल्यावर बसलेली. सगळं सांगितलो, पारव्यापासून बाहेरच्यापर्यंत. मधेच एक बाई पातेलं घ्यायला आली, तिनं तीन पातेली काढून दाखवली, एक बांधून दिलं, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, लिहून द्याल? रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिथंच स्टुलावर बसून लिहिलो. तिनं वाचलं. एका ओळीवर पेन ठेवलं. मी लिहिलो होतो, सरांच्या सांगण्यावरून माझ्याकडून असं बोललं गेलं. म्हणाली, सरांनी शिकवलं ते राहू दे, खरं आहे. पण बोललं गेलं म्हणजे काय? आपोआप? मी पुन्हा कागद घेतलो आणि लिहिलो, मी खोटं बोललो.

कागद कॉलेजात देऊन पंधरा दिवस झाले. मला लॅबमधून काढून बागेत घातलंय, पाणी मारायला. सर समोरून जातात, नळाकडं बघतात. गुरुवारी पुन्हा चौकशी आहे, तिला आणि मला दोघांना बोलावलंय. निरोप आलाय, कागद लिहिताना परशरामची काही चूक झाली असेल, त्यानं नीट आठवून बघावं. मला सगळं नीट आठवतंय. विचारले तर सांगीन, नाही विचारले तरी सांगूनच उठीन. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, बायकोला सांगून ठेवलोय.

पोरीला परीक्षेला बसायला मिळू दे, तिची छाती मोकळी राहू दे. मला ती माफ करील का, ते मी तिला विचारलेलो नाही आणि विचारणारही नाही.