पाळीवाल्याची लेक

हळू बोला, तात्याराव मामा — म्या कवाधरनं खुणावतीय, आन् तुमी 'पिऊन होता, पिऊन होता' म्हनायलाव ते बी एवढ्या मोठ्यानं! कोण पिऊन होता? माझा मालक? आवो, सोयरीक तुमी आणली, ह्या घरात दहादा जेवून गेलाव, दिसली का कधी बाटली? बेंबळीच्या पाव्हण्यांनी म्हनलं आन् तुमी निरोप घेऊन पळत आलाव. बसा. बसा म्हनते ना — च्या ठिवलाय. हे आत निजल्यात, रातपाळी करून आल्यात, त्यांना उठवायचं न्हाय. काय बोलायचं ते माझ्यासंगं बोला.

मुंडाश्याला हात लावला — व्हय, लावला. म्या कुठं न्हाय म्हनते? पोरगी बघायला आलेल्या बब्रुवान पाव्हण्याचं मुंडासं भर बैठकीत दोन्ही हातानं धरलं आन् गरागरा फिरवलं — चार माणसांत बेइज्जती झाली त्यांची, मान्य. पण का फिरवलं, ते इचारलं का कुणी? आदल्या राती कारखान्यात बॉयलरवर उभे होते, सकाळी पाळी सुटली तर बदली माणूस आलाच न्हाय — मग कोण सोडतंय? दुसरी पाळी बी ह्यांनीच ओढली आन् तिथनं तसेच, डोळ्याला डोळा न लावता, बैठकीला येऊन बसले. पाव्हणा इचारायलाय, औंदा हिरीला पाणी कसंय, आन् हे बसल्या बसल्या गेले की! डोळे उघडे, आतनं झोप. पाव्हण्यानं खांदा हलवला, ह्यांना वाटलं वाफ चढली, समोर दिसलं गोल — ते वाफ सोडायचं चाकच. "फिरवा, फिरवा, फुटंल!" ओरडले का न्हाय? मग? पिलेला माणूस बॉयलर वाचवतो व्हय?

हसू नका, मामा. माझी पोरगी घरात बसायची पाळी आलीय आन् तुमाला हसू फुटतंय.

बाहात्तरच्या दुष्काळात आमी दोघं खडी फोडायचो, सुकडी खायाचो. पण दिस उगवला की कामावर, मावळला की घरला — अर्धी भाकर असंना, एका चुलीपुढं बसायचो. मग साखर कारखाना निघाला, हे पर्मनंट झाले, गाव म्हनलं, नशीब काढलं पिराजीनं! कसलं डोंबलाचं नशीब? ह्या हप्त्याला सकाळपाळी, पुढल्याला दुपारची, त्याच्या पुढल्याला रातीची — अंगाला एक सवय लागंस्तोवर दुसरी उरावर. जगाचा सण तवा ह्यांची ड्यूटी, ह्यांची सुट्टी तवा जग कामाला. समोरची भाकर न्याहारीची का जेवणाची, तेच मला अजून कळंना. बैलाला बी पोळ्याला सोडत्यात, मामा! ह्यांना पोळा बी न्हाय. आन् बोलायचं कुणाला? संचालक म्हनं, कारखाना आपलाच हाय. आपला हाय तर आपल्याला झोपू का देत न्हाय?

पोरगी पसंत हाय म्हनले ना पाव्हणे? का नसंल! चालली तर पाऊल वाजत न्हाय, भांडं ठिवलं तर आवाज न्हाय, लई गुणाची! कुठं शिकली ते इचारा की. रातपाळीच्या हप्त्यात माझी तारामती दिसभर बांगड्या कोपरापर्यंत सारून दोऱ्यानं बांधती — ह्या दोन खोल्यांत जायचं कुठं? का म्हनजे? एकदा हातनं तांब्या निसटला, आन् हे ताडकन उठून — न्हाय, काय न्हाय. उठले आपले. आता बरंय तिला. एका कानानं जरा कमी येतं, एवढंच. हे पाव्हण्यांना सांगू नका, माझी आण हाय तुमाला! आन् तसे वाईट न्हाईत हो हे — मागनं तिचं डोकं मांडीवर घेऊन लेकरागत रडले. झोप मोडलेला माणूस माणसात नसतो, मामा.

काय? तयार हायेत पाव्हणे? नवं मुंडासं आणून पंचांपुढं बांधलं की झालं गेलं विसरायचं? आवो, मग हे आधी सांगायचं! बांधतील की. रविवारी? आमच्यात कसला रविवार आन् कसला सोमवार, पण बघते — साहेबाच्या पाया पडून पाळी बदलून घेते. पोरीसाठी कुणाच्या बी पाया पडीन म्या.

आन् व्यंकटला राग न्हाय? नवरदेवाला? 'मला समजतंय' म्हनला? गुणाचं पोरगं. पण त्याला काय समजणार, तो तर शेतात — कुठं? कारखान्यात? कवापासनं? तुमी तर शेत करतो म्हनला होता.

पाळीत.

न्हाय, तुमच्यावर राग न्हाय. च्या प्या. आन् बेंबळीला जाऊन सांगा, पोरीची आई न्हाय म्हनली. त्यांनी मोडली न्हाय, आमी मोडली. का म्हनून इचारलं तर काय बी सांगा. ह्यांना कशाला उठवू? तारा जलमली तवा बी हे ड्यूटीवरच होते — तवा ह्यांना कुणी इचारलं न्हाय, आता म्या इचारत न्हाय. पोरीचा एक कान अजून धड हाय, मामा.

उठा. येष्टी निघंल तुमची.