शेवटचा टॉवेल

निवासी विणकाम शाळेतल्या दोन म्हाताऱ्या बसथांब्यावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. बस येईना, म्हणून ऐकणं भाग पडलं.

“गुनवोर, एकाच मागावर सलग, एकापुढे एक आपल्या सहाजणींचे टॉवेल. पाच कधीच झाले. तुझा संपल्याशिवाय कुणाचाच कापून काढता येत नाही.”

“विणतेय ना, मार्गिट.”

“काल विणलेलं आज उसवलंस. पाहिलं मी.”

“कड वाकडी आली होती.”

“माझी कड बघ, साप बरा! मी उसवली का?”

“तुझ्या घरी नातवंडं आहेत.”

“म्हणून?”

“टॉवेल कापले की निरोपाचा केक खाऊन सगळ्या घरी जाणार. घरी माझ्याशी फक्त रेडिओ बोलतो. तोही माझं ऐकत नाही.”

“म्हणजे कड वाकडी नव्हतीच!”

“बस आली वाटतं.”

“येऊ दे. उद्या मात्र वीतभर तरी विण, नाहीतर बाईंना संशय येईल.”