मलकीसदेकाचा बाप

आमच्या विद्यानगरच्या बायबल वर्गात मलकीसदेकाचा विषय निघाला की हातातला चहा गार व्हायचा, बघ. अब्राहामाला आशीर्वाद देणारा हा याजक, पण शास्त्रात त्याच्या ना आईचं नाव, ना बापाचं. मी म्हणायचो, तो नोहाचा मुलगा शेम. वर्ग घेणारे मास्तर म्हणायचे, देवदूत.

दानिएल अण्णा मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. ते कोपऱ्यातून म्हणायचे, "अरे, तो आमच्यासारखा बोर्डिंगातला असेल. कुणीतरी दारात ठेवून गेलं असेल."

आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. दफनाच्या वहीत नाव लिहून पाळकसाहेबांनी विचारलं, "वडिलांचं नाव?"

वीस वर्षं दर गुरुवारी शेजारी बसलेला माणूस, आणि ते नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

"त्यांना स्वतःला तरी माहीत होतं का?" पाळकसाहेब म्हणाले.

मास्तरांनी मान खाली घातली. "आम्ही कधी विचारलंच नाही, साहेब. आम्ही मलकीसदेकाचाच बाप शोधत होतो."

साहेबांनी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली.