एक खाच पुढे

हॅलो?… हॅलो? कोण, चिंगी?… थांब जरा, ही साखरेची बरणी खाली ठेवतो… अगं, झाकण उघडत नाहीये. सकाळपासून तुझी आई मला बिनसाखरेचा चहा पाजतेय, आणि वर म्हणते, तोंड गोड करून प्या… हां, बोल. कुठवर आलात?

… थांबलात? जेवायला थांबलात की…

… धूर? कुठून?… पुढच्या डाव्या चाकातून. आधी कुईं कुईं आवाज, मग धूर, मग चाक हटूनच बसलं. हं. बेअरिंग जाम झालं, दुसरं काय.

… नाही गं, ओरडत नाहीये. सगळा जन्म ट्रकखाली पडून वरच्या माणसाशी बोलण्यात गेला, आवाज तसाच राहिला… हो, हो… अगं ऐक ना. गाडी सपाटीवर आहे ना?… पंपाच्या आवारात. छान. मागच्या चाकांना दगड लावा, जॅकखाली फळी… लावली? आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, शेजारी लाकडी ठोकळा… तोही लावला? चाकसुद्धा उतरवलं? कुणी, जावईबापूंनी?… बरं. बरं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्या मानाने… काही नाही म्हटलं! कौतुकच करतोय.

अहो सरकार, गॅस बंद करा आणि इकडे या, चिंगीचा फोन आहे! ट्रकचं चाक जाम झालंय… नाही, कुणाला लागलं नाही… चिंगे, तुझी आई विचारतेय, बर्फ किती उरलाय?… टपकतोय. ताडपत्री ओढून घ्या, लाद्यांवर भुसा दाबा. दिवेलागणीला होड्या बंदराला लागतात. मासळी काय आपल्या बेअरिंगची वाट बघत बसणार आहे? तिला बर्फ हवा, नाहीतर उद्या सगळं बंदर नाक धरून आपलं नाव घेईल.

… काय म्हणतायत ते?… चाकाच्या मधल्या, तापलेल्या हबवर बर्फाची लादी?… नको! चिंगे, धर त्यांचा हात! तापल्या लोखंडावर बर्फ ठेवला की तडा जातो. मग ट्रक तिथेच ठेवा, आणि लाद्या डोक्यावर घेऊन निघा… ठेवला नाही? नुसतं विचारत होते? मग विचारू देत. विचारण्याने लोखंड तडकत नाही.

… निवलंय ना आता? हात लावून बघ… तुझा गं, त्यांचा कशाला? त्यांची बोटं नाजूक… हां. आता बेअरिंगकडे बघून सांग. ग्रीस दिसतंय का? नसणारच. जावईबापूंनी घड्याळाला लावतात तसं काडीच्या टोकाने लावलं असेल… भरपूर आहे? जळून काळं झालंय, पण भरपूर?… अस्सं. मग ते कारण नव्हे.

… बाहेर आलं ना बेअरिंग?… चुरा आला आणि आतली कडी एक्सलला चिकटून बसली. बसणारच. आता ऐक. छिन्नी आणि हातोडा. आधी डोळ्यांवर काहीतरी घालायला सांग… गॉगल? लग्नातला? चालेल, शेवटी उपयोगाला आला. छिन्नी कडीवर, एक्सलला ओरखडासुद्धा उठता कामा नये. एक घाव या बाजूला, एक त्या बाजूला. एकाच बाजूला हाणलं तर कडी वाकडी होऊन रुसून बसेल, तुझ्या आत्यासारखी… हो, फोन सुरू ठेव. ऐकतोय मी.

… टण्… टण्… अगं, घड्याळात चावी भरतायत का? जोरात म्हणावं!… टण्… हां… हां, बदलला आवाज! आता सुटतेय, आता नका जोर… सुटली? अखंड? आणि एक्सल?… आरशासारखा. अरे वा.

सरकार, सुटली कडी… मी कुठे म्हणालो ‘अरे वा’? मी खोकलो.

… नवं बेअरिंग? आहे की गाडीत. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत खाली बघ, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. तुझी आई पोळीभाजी विसरेल, बेअरिंग विसरायची नाही. ट्रक चालवायची ना ती, तेव्हापासूनची… सापडलं? पोळ्यांना वास लागला? ग्रीसचा वास म्हणजे घरचा वास. खा तशाच.

… काय झालं? कुठली कडी?… नव्याची, बाहेरची. जुनी निघाली, पण ही हबमध्ये शिरत नाही. किंचित मोठी वाटते… मोठी नसते गं ती, घट्टच बसायची असते. ठोकू नका! एकदा तिरकी अडकली की… कोण म्हणतंय?… जावईबापू? कडी पिशवीत बांधून बर्फात पुरायची आणि हब उन्हात ठेवायचं?

…

… आहे मी, आहे. ऐकलं. थंडीने ती आकसेल, उन्हाने हे फुगेल… घड्याळात असंच बसवतात?… हं. आम्हीही… म्हणजे मी हेच सांगणार होतो. पण आता म्हणालेच आहेत तर करू देत.

… पुरली? मग बस आता. बर्फावर बसू नकोस, सावलीत बस… आणि तुझा आवाज असा का झाला?… अगं, रडतेस काय? चाक आहे, माणूस नव्हे… काय?… काय म्हणाले?… परत घड्याळाच्या दुकानात? कधी ठरवलं?… आत्ता, तिथेच, चाकाशेजारी बसून? बर्फ बंदराला वेळेवर पोचला नाही तर परत ट्रकला हात लावणार नाही म्हणाले?

… अगं, पण… ऐक ना… मी कधी टाकून बोललो त्यांना? तूच सांग… ते सोड… तेही सोड, ते मी गमतीत म्हणालो होतो… ‘नाजूक बोटं’ काय शिवी आहे?… पण चिंगे, चाक कुणी बसवलं होतं काल? त्यांनीच ना? मग बेअरिंग का जळलं, हे कळायला नको? ग्रीस भरपूर. बेअरिंगही कालच बसवलेलं, नवंकोरं. म्हणजे नट जास्त आवळला गेला, आणि काय? पण घड्याळवाला माणूस आणि जास्त आवळतो, हे काही माझ्या डोक्यात… दे त्यांच्याकडे फोन.

… हां, जावईबापू. नमस्कार नमस्कार. बरं, काल नट आवळलात तो कसा?… चाक हाताने फिरवत फिरवत आवळला… जड लागेपर्यंत… मग सैल सोडून हलक्या हाताने परत… आणि चाक किंचित, केसभर हललं पाहिजे म्हणून शेवटी नट एक खाच मागे. मग त्या खाचेतून पिन… बरोबर. अगदी बरोबर. मीसुद्धा असंच… मग आवळला कुणी? भुताने?… जरा चिंगीला द्या.

… चिंगे, ऐकलंस? त्यांनी नट बरोबरच आवळला होता.

… तू?… कधी?… काल संध्याकाळी, ते हातपाय धुवायला गेल्यावर. चाक हलताना दिसलं, वाटलं ढिलं राहिलं, बाबा बोलतील त्यांना… म्हणून पिन काढून गुपचूप एक खाच पुढे. धन्य! नवऱ्याची अब्रू झाकायला चाक आवळलंस! हे ऐकलंत का, सरकार? तुमच्या लेकीने… काय?

… थांब चिंगे, ही काय म्हणतेय… तुम्ही?… तुम्हीपण?… दिवाबत्तीनंतर, जादाचं बेअरिंग गाडीतल्या पिशवीत ठेवायला गेलात तेव्हा. तुम्हालाही वाटलं, पोराच्या हातात जोर नाही, सासरा बोलेल… एक खाच पुढे. वा! चिंगे, तुझ्या आईनेही एक खाच दिली. काय घर आहे! जावयाला सांभाळता सांभाळता चाकाचा गळा दाबलात दोघींनी!

… पण दोन खाचांनी एवढं जळणार नाही… दोन खाचांनी गरम होईल, पण धूर…

…

… हॅलो, हो, आहे मी… काही नाही, विचार करतोय… कोण, मी? मी कशाला हात लावू? मी फक्त सकाळी… पाना नीट बसतो का, ते बघायला गेलो होतो… बसत होता… बसला म्हणून जरासा… अगं, हसतेस काय! सवय असते हाताला!… सरकार, तुम्हीही हसू नका. ओचा सावरा, पडाल.

… फोन त्यांच्याकडे दे… दे म्हणतो ना… जावईबापू? हां… काय म्हणता? ऊन आहे का तिकडे?… बरं बरं… नाही, सहज… ते नटाचं कळलं ना तुम्हाला?… हो, तीन. एकेकाने एकेक… तुमचं काही चुकलं नव्हतं. तुमची खाच बरोबर होती. आमचं घरच जरा… आवळणारं आहे… हसताय ना? हसा. आता ती कडी काढा बर्फातून, कोरडी पुसा, आणि बसवा.

… काय?… नुसत्या अंगठ्यांनी गेली?… एक टिचकीसुद्धा नाही? अरे शाबास! अरे पोरा, कमाल केलीस की! … चालेल ना, अरेतुरे? तोंडातून गेलं… चालेल? मग झालं.

आता ग्रीस, मग नट. आवळ… फिरव… सोड… आता हलक्या हाताने… मी काही सांगत नाही, तुझं तू कर. फक्त फोन चाकाजवळ धर… धरलास? फिरव.

…

… सरकार, श्श! चहा ढवळू नका…

… सुरेख. काही ऐकू येत नाही. असंच हवं. पिन घाल, टोपी लाव, आणि त्या नटाला आता देवानेही हात लावायचा नाही. मीही नाही. आजपासून सगळी चाकं तुझ्याकडे… दुकान? दुकान कसलं? घड्याळं लोकांच्या हातावर आपली चालतात, तू चाकं बघ.

… बर्फ?… पाऊण उरलाय. पुरे, निघा! होड्यांच्या आधी पोचता. थोडं अंतर गेल्यावर उतरून हबला हात लाव. कोमट असलं तर ठीक… हो, तुझाच हात.

… कोणती बरणी? चिंगीने सांगितलं वाटतं! अरे, नाही उघडत. तुला काय वाटतं, ती कुणी आवळली?… मी नाही बुवा… मीच. … गरम पाण्याचं फडकं? झाकणाभोवती?… म्हणजे झाकण फुगेल आणि… हबसारखं! सरकार, फडकं भिजवा! गरम!… हां, गुंडाळलं… धर फोन, सोडू नकोस… फिरतंय… फिरलं! उघडली रे! सरकार, घाला साखर, दोन चमचे घाला… घातली? आता ठेवा तशीच उघडी… अहो, नुसतं टेकवा झाकण… आवळू नका… अहो, आवळू नका म्हणतोय ना… हॅलो? हॅलो?… बघा, निघाले ते. आता ही पुन्हा कोण उघडणार?