आवळीचं दुखनं

नाई, मी नाई सांगत! उचला हा माईक माह्या तोंडासमोरून... कॉलनीचा कार्यक्रम, कोनी गानं म्हनून राहिलं, कोनी नकला करून राहिलं, अन् आमच्या योगेशले काय सुचलं, तं म्हने "बाबा, तुमी आवळीची गोष्ट सांगा, लोकं हासतील." हासतील! अख्खा पावसाळा मी बाथरूमच्या दारापाशी बाज टाकून काढला, फिनाईलच्या वासात, अन् पोटच्या पोराले त्याच्यावर हासू पाहिजे! बरं, सांगतो. पन मधात कोनी उठून चहाले गेलं तं तथीच थांबन, सांगून ठेवतो.

तं आयका. आमचं घर जठारपेठेत, घरापुढं हातभर आंगन, अन् त्या आंगनात एक आवळी. वच्छलेनं, म्हंजे आमच्या मंडळीनं, बाळापूरहून मायेराहून आनलेली, तेलाच्या डब्यात, एसटीत मांडीवर घेऊन. योगेश तवा पोटात होता. म्हने, "पयले हे लेकरू लावू, मंग दुसरं पाहू." साऱ्या गल्लीत आवळी हे एकच, म्हनून कार्तिकात आवळीनवमीले झाडून साऱ्या बाया आमच्या आंगनात. पूजा करतात, खोडाभोवती फिरून सूत गुंडाळतात, अन् मंग तिच्या सावलीत पंगत. त्या दिवशी वच्छला घरात अशी फिरते जशी कलेक्टरीन दौऱ्यावर आली! अन् बाकीचं सारं वर्ष त्या सावलीत कोन? मी. माही बाज, माहा तमाखू-सुपारीचा खर्रा, माही दुपार.

अन् यंदा मिरगात पाह्यलं तं आवळी पिवळी! वरच्या फांद्या वाळून राहिल्या, बारीक पानं झटकून राहिली, खोडाले चिकट डिंक, अन् खाली बुडातून मात्र हिरवेगार फुटवे. आता तुमीच सांगा, डोकं वाळलं अन् पाय हिरवे, हे कोनतं दुखनं म्हनाव? मी म्हनलं, एखांद्यानं नीट पाहाव बाप्पा. पन झाड काई बोलत नाई नं राजेहो... अन् मी बोललो तं कोनी आयकत नाई!

योगेशनं काढला फोन. पानाचा फोटू मारला. फोन म्हने, पानी कमी पडून राहिलं. लावला पाईप. संध्याकाळी दुसरा फोटू मारला. फोन म्हने, पानी जास्त झालं! काढला पाईप, खोदली नाली. मी म्हनलं, "अरे, त्याले झाडाचं नाव तं इचार!" इचारलं. तं म्हने हा गुलमोहर हाय, अन् तब्येत उत्तम हाय! योगेश म्हने, "बाबा, याले अपडेट करा लागते." कोनाले? झाडाले का फोनले? मले अजूनही समजलं नाई.

मंग आल्या शेजारच्या बेबीताई. आल्या, पदर नाकाले लावला, झाडाभोवती फिरल्या अन् म्हने, "वच्छलाबाई, हे नजर हाय वं! गेल्या नवमीले कोनीतरी पंगतीत बसून 'केवढी दाट सावली' म्हनलं होतं." झालं! लिंबू आलं, मिरच्या आल्या, काळी बाहुली आली, अन् बांधली कुठं? त्याच खोडाले. तथी पयलेच जागा नव्हती! वर्सानुवर्साचं सूत, त्याच्यावर खन, त्याच्यावर कोन्या नवसाची लाल ओढनी... खोड कसलं, कापडाचं दुकान! मी म्हनलं, "वच्छले, हे जुनं उतरव, झाडाले वारा लागू दे." तं अशी पाहे माह्याकडं जसं मी देवीचं लुगडं मांगतलं. "देवाचं हाय ते. हात लावू नका." नाई लावला. झाड काई बोलत नाई नं राजेहो... अन् मी बोललो तं कोनी आयकत नाई!

अन् आता येते ते मानूस. वच्छलेचे मोठे भाऊ, नत्थुजी, बाळापूरवाले. भाजीपाल्याचा मळा हाय त्याईचा. कारल्याचे मांडव असे बांधते गडी का वादळ आलं तं गाव उडन, मांडव नाई. म्हनून वच्छलेनं फोन केला, "भाऊ, माही आवळी चालली." आले! पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. माती उचलली, हुंगली. पान तोडलं, चावलं. एक हात खोडाले टेकवला... तो हात ध्यानात ठेवा बरं, कुठं टेकवला ते... अन् बुडाशी पाह्यलं तं माह्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. असतील दोन-चार! नाई कुठं म्हनलं मी? तं डॉक्टर जसा बाहेर येऊन मान हालवते नं, तसी मान हालवली अन् म्हने,

"जवाईबापू, झाडाले तमाखू चढला."

तमाखू चढला! झाडाले! मी जनमभर खाऊन राहिलो, मले नाई चढला, अन् तिले चढला? मी म्हनलं, "नत्थुजी, आमच्या बार्शीटाकळीच्या वावरात मी बांधावरच्या साऱ्या झाडायले थुकलो, एक नाई मेलं." तं म्हने, "ते रानातले झाडं होते. हे देवाचं." आता याच्यावर काय बोलता तुमी?

त्याच दिवशी वच्छलेनं माही बाज उचलली अन् बाथरूमच्या दारापाशी टाकली. अन् माह्यासंग बोलनं बंद केलं. भांडली असती तं बरं होतं, भांडनाची मले सवय हाय. पन बंद! चहाचा कप ठेवे, खनकन्, अन् जाये. अन् झाडासंग मात्र बोले! सकाळी आवळीपाशी उभी राहे अन् म्हने, "जाऊ नको वं बाई, नवमीले साऱ्या येतील, मी काय सांगू?" मी कपात पाहात आयको. खर्रा सोडला मी. खरं सांगतो, सोडला! तरीही आवळी वाळूनच राहिली. म्हंजे मंग तमाखू उतरला का नाई? कोनाले इचारू?

मंग एक दिवस, भादवा सरता सरता, वच्छला अन् बेबीताई बजारात गेल्या. घर मोकळं. मी हळूच गेलो आवळीपाशी. आता तुमाले सांगाले लाज कायची, पन माही पाठ खाजते, अन् त्या खोडाशिवाय ते थांबत नाई, म्हैस नाई का घासत, तसी. लावली पाठ, दिला एक घसारा, अन् बापा! टर्रकन् बन्यान फाटलं अन् पाठीत जसा इंचू चावला! पाह्यलं तं सुतातून लोखंडाचं टोक बाहेर. हे काय लोढनं? कापडं बाजूले केले, सूत उसवलं... अन् खाली तार! जाड तार, खोडाच्या भोवताल गच्च, अन् साल दोन्हीकडून तिच्यावर अशी चढलेली, जशी सुजलेल्या बोटात अंगठी रुतते. वरून खोड फुगलेलं, खालून बारीक. अरे, हिचा तं गळाच आवळलेला हाय!

पक्कड आनली, अन् लागलो सूत तोडाले. बन्यान फाटलं, पाठीले रगत, भोवताल बाहुली, लिंबू, ओढन्या पडलेल्या, अन् तेवढ्यात फाटक वाजलं.

"अवं वच्छलाबाई, पाहा वं! म्हाताऱ्यानं आवळी उघडी केली!"

अन् वच्छला ओरडली, "हात लावाल तं याद राखा!"

अन् मी काय सांगू राजेहो, मले आनंद झाला! अख्ख्या पावसाळ्यात पयल्यांदा बोलली माह्यासंग! आता घाबराव का हासाव तेच समजेना. मी नुसतं तारेकडं बोट दाखवलं.

तिनं मेथीची थैली खाली ठेवली. वाकली. तारेवर बोट फिरवलं, पिळापाशी थांबली. तारेचं टोक दुहेरी करून पीळ देल्ला होता, कारल्याचा येल फाटू नाई म्हनून देतात नं, तसा. बेबीताई इचारे, "काय वं, काय हाय?" वच्छलेनं पदरानं तो पीळ पुसला अन् म्हने, "हा पीळ आमच्या भाऊचा हाय."

मंग मलेही आठोलं. मागं एका नवमीले वारा सुटला होता, पंगतीवरची ताडपत्री उडाली, पुऱ्यायवर माती, अन् नत्थुजी उठले, गाडीतून तार काढली, ताडपत्री आवळीले बांधली अन् म्हने, "आता हत्ती लोंबला तरी सुटनार नाई!" ताडपत्री सुटली. तार ऱ्हायली. वरून दर साली सूत अन् खन. अन् तमाखू चढला म्हनताना हात कुठं टेकवला होता? त्याच तारेवर!

वच्छलेनं खोड धरलं, मी तार तोडली. आंदर रुतलेली निंघेना, ओढली असती तं साल फाटली असती, म्हनून जथी जथी दिसली तथी तोडली, म्हंजे फास मोकळा. वाळल्या फांद्या कापल्या, कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावला, वावरात लिंबाच्या झाडायले लावत होतो तसा. पानीही आता खोडावर नाई, दूर गोल आळं करून. अन् आता वर, अगदी वर, बारीक पोपटी पालवी फुटून राहिली. वाचन का नाई, मी नाई सांगत. पन फुटून राहिली.

माही बाज? तेही आली सावलीत. वच्छलेनं सोता ओढत आनली. मले काई नाई बोलली, आवळीलेच म्हने, "बसू दे वं बाई त्याईले." चालते! आपल्याले चालते.

अन् परवा बाळापूरहून फोन. वच्छलेनं भाऊले सारं सांगितलं असन, मले वाटलं आता तरी मानूस नरमला असन. मी कान लावला. तं म्हने,

"जवाईबापू, पाह्यलं? खर्रा सोडला अन् पालवी फुटली! मी काय म्हनत होतो? अन् नवमीच्या मांडवाची फिकीर करू नका, या टाईमले नवी तार घेऊन येतो, गंजत नाई!"

आता काय बोलता? येतील नवमीले, पयल्या पंगतीत बसतील, अन् पुऱ्या त्याईले मीच वाढन, बायकोचे मोठे भाऊ पडले. पक्कड तेवढी खिशात ठेवन. आवळी एखांद्या दिवशी बोलन राजेहो, देवाचं झाड हाय, काई सांगता येत नाई... पन "चुकलं माहं" असं काई म्हननार नाईत आमचे नत्थुजी, बाळापूरवाले!