दाराला मारलेला रंधा

पणजोबा सुतार, आजोबा सुतार, वडीलही सुतार. आणि चौथ्या पिढीचा हा सुतार दवाखान्याच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याची थोरली बहीण नुकतीच येऊन पोहोचली होती. समोरच्या आजीबाईंना, इच्छा नसतानाही, सारे ऐकू येत होते.

“आईच्या खोलीचं दार दरवर्षी अडकायचं, ताई. आम्ही दरवर्षी रंधा मारला.”

“लाकूड फुगलंय म्हणे!”

“सुताराला दुसरं काय सुचणार? खिडकीपासून तिरकी भेग गेली, तीही लांबीचा लगदा भरून बुजवली.”

“पाया खचतोय, हे मी माहेरी आले की सांगायचे. तुम्ही हसायचात.”

“काल आई आत पडली आणि दार हलेना. शेवटी कुऱ्हाडीने फोडलं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“जगेल. चालणार नाही.”

“...आणि घर?”

“कोपऱ्याखाली पाणी मुरलंय. पाया खणून नव्याने भरायचा. तोवर तिथे राहता येणार नाही.”

“निरोप मिळताच मी माझी खोली रिकामी करून आलेय. आई येईल, तुम्ही नवरा-बायकोही या.”

“आणि तू?”

“स्वयंपाकघरात निजेन. माझं घर जळालं तेव्हा तू तुझी खोली मला देऊन वर्षभर भुशाच्या पोत्यांवर झोपलास.”

“ताई, ते कुठे काढतेस आता?”

“काढत नाही, फेडतेय. ऊठ, आईला सांगू या.”