खजिन्यापासून सहा घरं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ताटकळून शिंपीणबाई वैतागली होती. मनगट काही वळत नव्हतं. आजपासून हे सगळं बंद, असं ठरवून ती उठणारच होती, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या दोघा म्हाताऱ्या मित्रांचं बोलणं तिच्या कानावर पडलं. एकाचा उजवा हात मांडीवर पिळलेल्या फडक्यासारखा पडला होता.

“रविवारी येतोयस ना खेळायला? पटावरचं तुझं जहाज आम्ही हलवलेलं नाही. खजिन्यापासून सहा घरं.”

“येतो. पण फासा मी टाकणार.”

“अरे बाबा, गेल्या वेळी तो कपाटाखाली गेला. पाऊण तास शोधत होतो. तुझा मी टाकतो की.”

“नको.”

“समुद्री चाच्यांचा खेळ तो. त्यात ना डोकं लागतं, ना कसब. सगळं नशीब. मी टाकला काय नि तू टाकलास काय.”

“चाळीस वर्षं खेळतोय. एकदा तरी जिंकलोय?”

“नाही.”

“वादळात किती वेळा बुडालो?”

“ते मोजायचं आम्ही सोडून दिलं.”

“प्रत्येक वेळी माझ्याच हाताने बुडालो ना? मग आता सहा पडायचे ते तुझ्या हाताने का?”

“बरं, डाव्या हाताने टाक.”

“डाव्याने जेवतो, तेवढं पुरे.”

“आणि रविवारपर्यंत बोटं वळलीच नाहीत तर?”

“तर जहाज तिथेच राहू दे. कोणी हात लावायचा नाही.”

आतून हाक आली.

“बावीस नंबर. आहात की गेलात?”

“आहे,” शिंपीणबाई म्हणाली.